साइझिंगच्या स्क्वीझ रोलरसाठी रबराची निवड आणि शिरोलीतील एका कारखान्याचे काम

इचलकरंजीत स्क्वीझ रोलरवर (सुतातली जास्तीची कांजी पिळणाऱ्या रोलरवर) नवे रबर चढवायची वेळ आली, की बहुतेक साइझिंगवाले, म्हणजे विणण्याआधी ताण्याच्या (उभ्या) सुताला कांजी करणारे, फोनवर दोनच गोष्टी सांगतात: शोअर (रबराच्या कडकपणाचा आकडा) किती हवा आणि रंग कोणता हवा. कोल्हापूरजवळच्या शिरोली औद्योगिक वसाहतीतील ज्या लहान कारखान्याकडून आम्ही सध्या हे काम करून घेतो, त्यांनी या दोन्ही गोष्टी बाजूला ठेवून आधी कांजीत काय काय पडते, ती किती अंशांवर असते आणि रोलर कशाने धुतला जातो, हे विचारले. त्यांच्या कामात उणिवा आहेत आणि त्या पुढे लिहिल्या आहेत. पण रबर निवडण्याचा हा क्रम बरोबर असल्यामुळे हे परीक्षण लिहावेसे वाटले.

ताण्याचे सूत कांजीच्या पेटीतून भिजून बाहेर पडताना खालचा स्टेनलेस स्टीलचा रोलर आणि वरचा रबरी रोलर यांच्या दाबातून जाते. तेथे जास्तीची कांजी निथळते आणि उरलेली सुतात मुरते. मक्याच्या किंवा टॅपिओकाच्या स्टार्चची कांजी साधारणपणे ८० ते ९५ अंश सेल्सिअसवर ठेवली जाते, तिच्यात पीव्हीए (पॉलिव्हिनाइल अल्कोहोल) किंवा अॅक्रिलिक बाइंडर, म्हणजे चिकटवणारा पदार्थ, असतो आणि सूत मऊ राहावे म्हणून मेण अथवा टॅलो (जनावरांची चरबी) घातलेला असतो. म्हणजे या रबराला उष्णता, पाणी, चरबी, दाब आणि सुताच्या गाठींची घासण एकाच वेळी सोसावी लागते, शिवाय बेअरिंगकडच्या टोकांना ग्रीस लागते ते वेगळेच. यांतील प्रत्येक गोष्टीला उत्तम तोंड देणारे रबर आहे, पण सगळ्यांना सारखेच तोंड देणारे एकही नाही. दाब वाढवला की सुतात पाणी कमी राहते आणि ड्रायिंग सिलिंडरला वाफ कमी लागते, म्हणून अलीकडची यंत्रे जास्त दाबाने चालवली जातात आणि रबरातील दोषही त्यामुळे लवकर उघडे पडतात.

नैसर्गिक रबर फाटण्याला आणि घासणीला चिवट असते, परंतु चरबीत फुगते आणि सततच्या उष्णतेत लवकर जुने होते, त्यामुळे येथे त्याचा विचार फार वेळ करावा लागत नाही. पॉलियुरेथेनची गोष्ट वेगळी आहे, कारण ते विकणारे अतिशय आग्रही असतात आणि त्याच्या टिकाऊपणाचे जे वर्णन करतात ते कोरड्या कामापुरते खरेही असते. गरम पाण्यात मात्र त्याच्या रेणूंच्या साखळ्या तुटू लागतात. पॉलिएस्टर जातीचे पॉलियुरेथेन लवकर खचते आणि पॉलिइथर जातीचे थोडे उशिरा, एवढाच फरक. नव्वद अंशांच्या कांजीवर ते चढवून देण्यास या कारखान्याने स्पष्ट नकार दिला, आणि जास्त दराची ऑर्डर समोर असताना दिलेला हा नकार मला महत्त्वाचा वाटतो. सिलिकॉन २०० अंशांपर्यंत टिकते आणि त्यावर काही चिकटत नाही, पण दाबाखाली एखादी गाठ किंवा कचरा आला की ते चिरते. लॅमिनेशनसाठी ते ठीक, स्क्वीझ रोलरसाठी नव्हे.

खरी निवड उरते ती ईपीडीएम आणि नायट्राइल या दोन कृत्रिम रबरांत. गरम पाणी आणि वाफ यांच्यापुढे ईपीडीएमइतके टिकणारे रबर या दरात दुसरे मिळत नाही, आणि ओझोनमुळे त्याला तडेही जात नाहीत. परंतु चरबीत ते हळूहळू आणि खनिज तेलात फार लवकर फुगते. मधला भाग शाबूत असताना रोलरची फक्त टोके जाड झालेली दिसली, तर बेअरिंगमधून बाहेर येणाऱ्या ग्रीसकडे आधी पाहावे. नायट्राइल चरबी आणि ग्रीस दोन्ही सोसते, गरम पाण्यातही पुरेसे टिकते, मात्र ऊन आणि ओझोन लागल्यास तडकते. त्यातही नुसते नायट्राइल म्हणून भागत नाही, कारण त्यातील अॅक्रिलोनायट्राइलचे प्रमाण सुमारे १८ ते ५० टक्क्यांपर्यंत काहीही असू शकते आणि ते जितके जास्त तितका तेलाला विरोध वाढतो, पण उसळी कमी होते. आमच्या कांजीत टॅलो असल्याने त्यांनी मध्यमाहून थोड्या जास्त प्रमाणाचे आणि कमी प्लास्टिसायझरचे नायट्राइल सुचवले. प्लास्टिसायझर भरपूर घालून रबर मऊ केले, तर ते गरम कांजीत हळूहळू बाहेर पडते, रोलर कडक होत जातो आणि मग बाइंडर बदलूनही सुतावरची कांजी एकसारखी बसत नाही. ज्यांच्या कांजीत टॅलो किंवा तेल अजिबात नाही, त्यांनी माझ्या मते ईपीडीएमच घ्यावे.

हायपॅलॉन या कृत्रिम रबराचे नाव दरपत्रकांत अजूनही ठळकपणे असते, म्हणून त्याबद्दल दोन शब्द. ड्यूपाँ कंपनीने हायपॅलॉनचे उत्पादन २०१० मध्येच बंद केले. त्याच जातीचे क्लोरोसल्फोनेटेड पॉलिएथिलीन आता जपानच्या तोसोहसारखे उत्पादक बनवतात. ब्लीचिंगच्या मँगलवर (कापड पिळणाऱ्या रोलरांवर), जिथे हायपोक्लोराइटशी गाठ असते, तिथे त्याला अर्थ आहे. साइझिंगसाठी कोणी ते खपवत असेल, तर मूळ पॉलिमर कोणाचा आणि कंपाउंडमध्ये (तयार रबरमिश्रणात) त्याचे प्रमाण किती, हे लेखी मागावे.

रंगाचा आग्रह मात्र मला कधीच कळलेला नाही. काळे रबर सुतावर डाग पाडू शकते म्हणून फिकट रंग घेणे योग्यच आहे, पण करडा, हिरवा किंवा लाल रंग कोणत्याही पॉलिमरला देता येतो आणि त्यावरून आतल्या मालाविषयी काहीही समजत नाही. शोअरचेही काहीसे तसेच आहे. स्वस्त खडू किंवा चिनी माती भरूनही पासष्ट शोअर गाठता येतो आणि चांगल्या पॉलिमरमध्ये योग्य फिलर घालूनही तोच आकडा मिळतो. फरक दिसतो तो काही महिन्यांनी. शिवाय हातातल्या शोअर मीटरची वक्र पृष्ठभागावरची नोंद थोडी फसवी असते आणि रबर गरम असताना आकडा खाली येतो, म्हणून आकडा सांगताना अधिक-उणे पाचची सूट आणि मोजणीचे तापमान हे दोन्ही ठरवून घेणे बरे.

यावरचा उपाय या कारखान्याने स्वतःहून दिला, तो म्हणजे रोलरबरोबर त्याच बॅचच्या कंपाउंडचा तुकडा. तो सोनाराच्या काट्यावर तोलून, आपल्याच कांजीत आणि वितळलेल्या टॅलोत नव्वद अंशांवर काही दिवस बुडवून, पुसून पुन्हा तोलला, की वजनातील वाढीवरून दरपत्रकातील सगळ्या शब्दांपेक्षा जास्त कळते. आमच्या तुकड्याचे वजन टॅलोत नाममात्र वाढले. शेजारी ठेवलेला ईपीडीएमचा तुकडा हाताला लिबलिबीत लागत होता.

कामाची प्रतही चांगली आहे. जुने रबर लेथवर उतरवून शॉट ब्लास्टिंग (छर्ऱ्यांच्या माऱ्याने सफाई) केल्यानंतर त्यांनी रोलरच्या दंडावर बाँडिंगचा, म्हणजे रबर चिकटवणारा, थर दिला. एरवी खाली एबोनाइटचा (जास्त गंधक घातलेल्या रबराचा) कडक थर देण्याची पद्धत आहे, पण साधे एबोनाइट तापल्यावर मऊ पडू लागते, म्हणून या तापमानाला त्यांनी तो टाळला. रबराच्या पट्ट्या गुंडाळून वरून ओली नायलॉन टेप घट्ट आवळली आणि ऑटोक्लेव्हमध्ये (दाबाच्या बंद टाकीत) वाफेवर क्यूरिंग होऊन रबर पक्के झाल्यावर रोलर घाईने बाहेर न काढता आतच निवू दिला. ग्राइंडिंग करताना मध्याला किंचित फुगवटा ठेवला होता, कारण दोन्ही टोकांना दाब दिल्यावर रोलर मध्यात वाकतो आणि तेथे कांजी जास्त राहते. कार्बन कागद घालून दाबाचा ठसा घेतला, तेव्हा पट्टी या टोकापासून त्या टोकापर्यंत सारख्या रुंदीची आली.

तक्रारी आहेत. बिलावर कंपाउंडचा सांकेतिक क्रमांक नाही, फक्त ‘नायट्राइल, करडा’ एवढेच लिहिले आहे. त्यामुळे पुढच्या वेळी हेच कंपाउंड मिळेल याची खात्री आपल्यालाच तुकडा जपून ठेवून करावी लागते. तपासणीचा अहवाल मागितल्यावर एका ओळीत शोअर लिहून मिळाला. ठरलेली तारीख पाळली गेली नाही आणि उशीर होणार हे आधी कळवलेही नाही. सर्वांत खटकले ते पॅकिंग: रोलर दोन्ही बाजूंच्या जर्नलवर (बेअरिंगमध्ये बसणाऱ्या टोकांवर) टेकवून ठेवायचा सोडून टेम्पोत थेट रबरावर निजवून पाठवला होता, आणि अशा वाहतुकीत नवे रबर एका जागी दबून सपाट होऊ शकते. दर स्थानिक दराहून चढा आहे, पण त्याबद्दल माझी तक्रार नाही.

नेहमीच्या रुंदीच्या स्क्वीझ रोलरसाठी मी पुन्हा येथेच जाईन, गाडी आणि रोलर टेकवायचे लाकडी घोडे मात्र स्वतःचे नेईन. एअरजेट मागांच्या रुंद बीमसाठी लागणारे लांब रोलर त्यांच्या ऑटोक्लेव्हमध्ये मावत नाहीत, त्यामुळे त्या कामासाठी दुसरा कारखाना शोधावा लागेल आणि तेथेही रंग सांगण्याआधी कंपाउंडचा तुकडाच मागावा लागेल.