सोलापुरात लाईव्ह कंट्री म्युझिक, जाऊन आलो बघा

होटगी रोडच्या एका कॅफेत शनिवारी कंट्री नाईट असते, म्हणजे अमेरिकेच्या खेड्यापाड्यातून आलेल्या गाण्यांची रात्र, नाव नाही सांगत कारण मालक ओळखीचे आहेत. मी जॉनी कॅश आणि डॉली पार्टन या कंट्रीच्या दिग्गज गायकांचा कट्टर माणूस, त्यामुळे अपेक्षा जरा जास्तच. पण पोरं वाजवतात भारी! बँजोवाला (आपला बटणांचा बेंजो नव्हे, गिटारसारखं गोल तोंडाचं वाद्य) तीन बोटांनी असा सुटतो की समोरचा चहा गार होतो, फिडलला, म्हणजे व्हायोलिनलाच, एक काका आहेत ते मध्येच कर्नाटकी वळण घुसवतात आणि खरं सांगू का, ते चक्क जमून जातं. पेडल स्टीलचा, म्हणजे आडव्या ठेवून वाजवायच्या गिटारचा, आवाज मात्र कीबोर्डवर काढतात, तिथं मूड गेला राव, तो घसरता रडवेला सूर तारेवर धातूची दांडी सरकवल्याशिवाय येतच नाही.

फॉरमॅट आवडला. अमेरिकेतल्या नॅशव्हिलच्या ग्रँड ओल ऑप्री या कंट्रीच्या शोत एका रात्री बरेच कलाकार येऊन दोन-तीन गाणी म्हणून जातात तसंच, तो शो १९२५ पासून रेडिओवर चालूय म्हणजे बघा.

साउंडवाल्याला मात्र कुणीतरी सांगा, बास इतका की शब्दच कळेना. कंट्रीत गाण्याची गोष्टच ऐकायची असते ना! मागच्या टेबलावर बर्थडे चालू होता ते वेगळंच.

फ्राईजवर शेंगाचटणी मारून देतात, ती घ्याच. कॉफी ठीक. गेलात तर स्टेजच्या डावीकडं बसा, स्पीकर उजवीकडं आहे.