सहाव्या पिढीचा संगणक आणि लिनक्स मिंट: लग्नसराईनंतरचा हिशेब

बेळगावच्या शहापुरात माझं डीटीपीचं, म्हणजे संगणकावर मजकूर जुळवून छपाईला देण्याचं, दुकान आहे. लग्नपत्रिका, वास्तुशांतीची कार्डं, उत्तरकार्याची पत्रं. बऱ्याच पत्रिका एका बाजूला मराठी, दुसऱ्या बाजूला कानडी. दिवाळी झाल्यावर एका संगणकावर विंडोज काढून लिनक्स मिंट २२ ही फुकट मिळणारी ऑपरेटिंग सिस्टीम घातली. लिहितोय आता, लग्नसराई उरकल्यावर. पहिल्या आठवड्यात लिहायला बसलो असतो तर नुसत्या शिव्या झाल्या असत्या.

विंडोज १० चे मोफत अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबले. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप लागते, आणि इंटेलचा प्रोसेसर साधारण आठव्या पिढीपासून पुढचा. माझा सहाव्या पिढीतला. रॅम ८ जीबी, एसएसडी मागाहून बसवलेली, कामाला कुठं अडत नव्हतं. १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत सुरक्षेचे अपडेट वाढवून घ्यायची सोय होती, पण वर्षानं पुन्हा हीच वेळ.

विंडोजवाल्या मायक्रोसॉफ्टची बाजू मला कळते. जुनी यंत्रं सांभाळायची म्हणजे प्रत्येक बदल त्यांच्यावरही तपासून बघायचा, आणि सुरक्षेची चिप सगळीकडं आहे असं धरून चालता आलं की पुढचं काम सोपं होतं. तरी जानेवारी २०२४ मध्ये नव्या कीबोर्डांसाठी कोपायलट या त्यांच्या एआय मदतनिसाचं बटण जाहीर झालं, तेव्हाच लक्ष कुणीकडं लागलंय ते दिसलं होतं. पत्रिकावाल्याकडं नक्कीच नाही. आणि तिकडं वाचलेली मेहनत हवेत विरत नाही, ती माझ्या टेबलावर येऊन पडते.

म्हणजे कशी, ते सांगतो. आमच्या पंधरा वर्षांच्या फायली जुन्या फाँटांतल्या. त्यात ‘क’ हा ‘क’ नसतोच, इंग्रजी अक्षराच्या जागेवर बसवलेलं चित्र असतं. वर ते टायपिंगचं सॉफ्टवेअर डोंगल, म्हणजे परवान्याची यूएसबी किल्ली, लावल्याशिवाय उघडत नाही, आणि वाइनमधून (लिनक्सवर विंडोजची सॉफ्टवेअर चालवायची सोय) चालवलं तर डोंगल सापडत नाही. बनवणाऱ्यांना फोन केला तर ‘ती आवृत्ती बंद झाली’. मग मजकूर युनिकोडमध्ये, म्हणजे प्रत्येक अक्षराला स्वतःचा ठरलेला क्रमांक असलेल्या पद्धतीत, फिरवायला घेतला. जुन्या फाँटात पहिली वेलांटी अक्षराच्या आधी टाइप झालेली असते, युनिकोडमध्ये ती अक्षरानंतर लागते. रफाराचं बरोबर उलटं. परिणाम असा, की ‘चि. सौ. कां.’ मधला पहिलाच ‘चि’ फुटला. दुकानातली पोरगी म्हणाली, “काका, नवरीच मोडली की!” असल्या दुरुस्त्यांत नोव्हेंबर गेला.

नवं काम मात्र झकास. इनस्क्रिप्ट या भारतीय भाषांच्या कीबोर्डात कळींची बसवणूक दोन्ही लिप्यांना एकच: ज्या कळीवर मराठी ‘क’, तिच्यावरच कानडी ‘क’. भाषा बदलायला एक शॉर्टकट. पोरगीला कानडी टायपिंग वेगळं शिकवावं लागलं नाही. लिब्रेऑफिसमध्ये (वर्डसारखं फुकट सॉफ्टवेअर) मजकुराची भाषा मराठी नेमली, आणि फाँटात सोय असली, की ‘ल’ आणि ‘श’ आपल्या वळणाचे येतात, हिंदी वळणाचे नाही. हे बघून मी खरोखर खूश झालो.

ऑफसेट छपाईला फाइल द्यायची तर सीएमवायके, म्हणजे छपाईच्या चार शाईंत रंग मांडलेली, पीडीएफ हवी, ती लिब्रेऑफिसमधून निघत नाही. त्यासाठी स्क्रायबस हे पानं जुळवायचं सॉफ्टवेअर शिकलो. त्याच्या १.६ आवृत्तीत देवनागरी जोडाक्षरं नीट येतात, पण हात बसायला महिना लागला. प्रिंटरचं म्हणाल तर काळा-पांढरा पहिल्या दिवशी चालला. रंगीत प्रिंटरच्या कंपनीनं लिनक्सचा ड्रायव्हरच दिलेला नाही. त्याचं काम दुसऱ्या संगणकावर.

मिंटवाल्यांचं धोरणही तडजोडीचंच. पाया उबुंटू या दुसऱ्या लिनक्सच्या दीर्घ मुदतीच्या आवृत्तीचा, त्यामुळं सॉफ्टवेअर थोडी जुनी मिळतात. बदल्यात २०२९ पर्यंत अपडेट, आणि सकाळी संगणक लावल्यावर मेनू काल होता तिथंच. मला हे चालतं. व्हिडिओ, गेम, नवी यंत्रं ज्यांना लागतात त्यांचा जीव गुदमरेल. ज्याचा सगळा धंदा जुन्या फाँटांवर आहे, त्यानं तर एकदम उडी घेऊच नये.

मीही पूर्ण सुटलेलो नाही. जुन्या विंडोजचा दुसरा संगणक कोपऱ्यात ठेवलाय, नेटची वायर काढून, डोंगल टोचूनच. परवा खानापूरच्या एक मावशी आल्या. थोरलीची २०११ ची पत्रिका प्लास्टिकच्या पिशवीतून काढली, “धाकटीला हीच, नुसती नावं बदल.” उठलो आणि कोपऱ्यात जाऊन बसलो.