सोनेरी गुडघ्याची गॅरंटी आणि न दाखवलेलं प्लास्टिक

मंगल कार्यालयात मोफत शिबिर भरतं. टेबलावर चकचकीत सोनेरी कृत्रिम गुडघा मांडलेला असतो. "साधा पंधरा वर्षं चालतो, हा तीस वर्षं. लेखी गॅरंटी." साक्री तालुक्यातल्या एका आजींच्या घरच्यांनी या बोलण्यावर कापसाचे पैसे मोजले. आजी कौतुकाने सांगायच्या, "सोनाना गुडघा टाकेल शे." सातव्या वर्षी गुडघा सुजू लागला. धुळ्याला उभं राहून एक्स-रे काढला, तर दोन धातूंमधली फट आतल्या बाजूने जवळपास मिटलेली. झिजलं होतं ते मधलं प्लास्टिक, आणि त्याच्याबद्दल शिबिरात कुणी अवाक्षर काढलं नव्हतं.

तो सोनेरी रंग म्हणजे बहुधा टायटॅनियमच्या नायट्राइडचा, काही मायक्रॉन जाडीचा थर असतो. निकेलची ॲलर्जी असेल तर तो वापरतात. पण सांधा किती टिकणार हे पायाची रेष (मांडी आणि नडगी सरळ एका ओळीत आहेत का), वजन, वापर आणि प्लास्टिक यांवरही ठरतं. नुसत्या रंगावर तीस वर्षं लिहून देणारा माणूस फसवतो आहे असंच समजा. सोन्याची एवढी पारख असलेल्या खान्देशात ही थाप खपावी, हे नवलच.

लायनर म्हणतात ते हेच मधलं प्लास्टिक, अतिउच्च रेणुभाराच्या पॉलिइथिलिनचं. 1962 पासून कृत्रिम सांध्यांत हेच चालत आलंय. ते दोन तऱ्हेने खराब होतं. एक म्हणजे घासून: नजरेला न दिसणारे कण सुटतात, शरीर त्यांच्यावर तुटून पडतं, त्यात भोवतालचं हाड विरघळतं आणि सांधा सैल होतो. हाड बरंच जाईपर्यंत अनेकदा दुखतही नाही. दुसरी तऱ्हा म्हणजे ऑक्सिडेशन. गॅमा किरणांनी निर्जंतुक केलेल्या प्लास्टिकला हवा लागली की ते ठिसूळ होतं, पापुद्रे सुटतात. हे खोक्यात पडल्या पडल्याही होतं, म्हणून पाकीट महत्त्वाचं. एक्झाक्टेक या अमेरिकन कंपनीने 2021-22 मध्ये लायनर परत मागवले, कारण 2004 पासूनच्या अनेक पाकिटांत ऑक्सिजन अडवणारा एक थरच नव्हता.

आता खरी गोम. प्रत्येक भागाच्या खोक्यात चिकटपट्ट्या येतात: मांडीकडचा धातू, नडगीवरची प्लेट, लायनर, बसवली असेल तर वाटीची चकती. लायनरच्या पट्टीवर कंपनी, मॉडेल, साइज, मिलिमीटरमध्ये जाडी, लॉट नंबर आणि वाळूच्या घड्याळाच्या चिन्हापुढे मुदत असते. आजींच्या डिस्चार्ज कार्डावर यातलं काहीच नव्हतं, नुसतं 'इंपोर्टेड गोल्ड नी'. प्लेट घट्ट आणि रेषेत असेल तर कधीकधी लायनर तेवढा बदलता येतो, पण तो त्याच मॉडेलचा आणि जुळणाऱ्या साइजचाच लागतो. पट्टी नसेल तर सर्जन शोधणार कशावरून? मग सगळंच काढून रिव्हिजन, म्हणजे सांधा पुन्हा बदलायचं ऑपरेशन, करायची पाळी येऊ शकते. शिबिराच्या एजंटने मात्र परत येऊन सांगितलं, "फक्त प्लास्टिक बदलू, किरकोळ खर्च." एक्स-रे न बघताच. प्लास्टिक एक्स-रेत दिसत नाही, फट दिसते, आणि हाड किती खाल्लंय हे बघितल्याशिवाय किरकोळ की भारी हे कोणीच सांगू शकत नाही.

बिलातही एकच ओळ होती: 'इम्प्लांट पॅकेज'. ऑगस्ट 2017 मध्ये एनपीपीएने (औषधं आणि उपकरणांच्या किमतींवर लक्ष ठेवणारी केंद्र सरकारची संस्था) कोबाल्ट-क्रोमच्या पूर्ण गुडघ्याची कमाल किंमत 54,720 रुपये आणि रिव्हिजनच्या सांध्याची 1,13,950 रुपये ठरवली, जीएसटी वेगळा. पुढे त्या आदेशाची मुदत वाढवत गेले, तेव्हा चालू आकडा बघून घ्या. हॉस्पिटलने बिलात सांध्याची किंमत, ब्रँड, कंपनी आणि बॅच नंबर वेगळा दाखवायचा असतो. 'गोल्ड चार्ज', 'लायनर एक्स्ट्रा' असं काही दिसलं तर तिथेच अडवा.

ऑपरेशनच्या आधीच लेखी मागा: लायनर कोणता, क्रॉस-लिंक्ड (रेणू एकमेकांना जोडून कमी झिजणारा केलेला) की साधा, जाडी किती. क्रॉस-लिंक्ड सांगून साधा बसवल्याचं पट्टीवरूनच उघडं पडतं. नंतर पट्ट्यांची फाइल आणि पहिला उभ्याने काढलेला एक्स-रे घरात ठेवा; पुढची फट त्याच्याशीच ताडायची असते.

पट्ट्या दिल्या नसतील तर हॉस्पिटलकडे रेकॉर्डसाठी लेखी अर्ज करून पोच घ्या. 72 तासांत कागद द्यावे लागतात, पण ते जपून ठेवण्याचं बंधन तीनच वर्षांचं आहे. जळगाव, धुळे, नंदुरबार इथल्या जिल्हा ग्राहक आयोगात तक्रारीची मुदत दोन वर्षं, आणि मोजलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर फी लागत नाही.