ध्रुवीय आयनांबरातली खळबळ कशाने टिपावी: सिंटिलेशन मॉनिटर की साधा जिओडेटिक रिसीव्हर?

अंटार्क्टिकात भारती केंद्रावर किंवा स्वालबार्डच्या न्यू-ओलसुंडला आयनांबरातून, म्हणजे वातावरणाच्या वरच्या विद्युतभारित थरातून, येणाऱ्या जीपीएस सिग्नलवर काम करायचं ठरलं, की पहिला प्रश्न खरेदीचा येतो. सिंटिलेशन, म्हणजे आयनांबरातल्या बारीक रचनांमुळे होणारी सिग्नलची जलद थरथर, टिपायला सेकंदाला ५० नोंदी घेणारा खास मॉनिटर मागवायचा, की जमिनीच्या अचूक मोजणीसाठी आधीच उभ्या असलेल्या जिओडेटिक रिसीव्हरच्या, दर ३० सेकंदांना एक नोंद असलेल्या फायलींवर भागवायचं? माझं मत सरळ आहे: आधी फायली, मग गरज पटली तर मॉनिटर.

फायलींचं मोठं बळ म्हणजे त्यांचा भूतकाळ. न्यू-ओलसुंड, ट्रॉम्सो आणि भारतीच्या त्यातल्या त्यात शेजारचं ऑस्ट्रेलियाचं डेव्हिस, या ठिकाणांचा डेटा फुकट उतरवता येतो. ऑक्टोबर २००३ चं वादळ असो की १० मे २०२४ चं, नोंदी तयार आहेत. आज घेतलेला मॉनिटर ती वादळं दाखवू शकणार नाही. दोन फ्रिक्वेन्सींवरून वाटेतल्या इलेक्ट्रॉनांची एकूण संख्या काढायची, ती दर मिनिटाला किती बदलते ते पाहायचं आणि पाच मिनिटांतल्या अशा दहा आकड्यांचं प्रमाण विचलन घ्यायचं. हाच रोटी निर्देशांक. खळबळ कुठे आहे, केव्हा सुरू झाली, अरोराचा पट्टा विषुववृत्ताकडे किती सरकला, एवढं कळायला तो पुरतो.

त्याची मर्यादाही समजून घ्या. ध्रुवीय आयनांबरातला प्लाझ्मा, म्हणजे विद्युतभारित वायू, सेकंदाला एक किलोमीटरपर्यंत वेगाने वाहतो. म्हणजे ३० सेकंदांच्या दोन नोंदींमधून ३० किलोमीटर लांबीचा तुकडा निघून गेलेला असतो. मॉनिटरच्या दोन नोंदींमध्ये तोच प्रवाह जेमतेम २० मीटर सरकतो. रेडिओलहरींचं विवर्तन (लहरी पसरून एकमेकींत मिसळणं) घडवणाऱ्या रचना काहीशे मीटरच्या असतात. त्या रोटीच्या जाळीतून सहज निसटतात.

मग मॉनिटर घेतला की प्रश्न सुटला? इथेच बरेच जण फसतात. मॉनिटर दर मिनिटाला दोन आकडे तयार देतो: सिग्नलच्या तीव्रतेतल्या चढउतारासाठी एस-४ आणि फेजमधल्या (लहर तिच्या चक्रात कुठे आहे त्यातल्या) चढउतारासाठी सिग्मा-फाय. आपल्याकडे, विषुववृत्तीय पट्ट्यात, सूर्यास्तानंतर सिग्नलची ताकदच वरखाली होते आणि एस-४ चढतो. ध्रुवाकडे मात्र एस-४ बहुतेक वेळा जमिनीला टेकलेला आणि सिग्मा-फाय उसळलेला दिसतो. याला लगेच सिंटिलेशन म्हणू नका. सिग्मा-फाय काढताना ०.१ हर्ट्झच्या खालचे बदल गाळून टाकायची रीत आहे. संथ प्रवाहात ती चालते. ध्रुवावरच्या वेगवान प्रवाहात मोठ्या तुकड्यांमुळे होणारे साधे अपवर्तनाचे (माध्यमात लहरीचा वेग बदलण्याचे) बदलही तीच गाळणी पार करून येतात.

हे ओळखायची एक खात्रीची तपासणी आहे. दोन फ्रिक्वेन्सींची ५० हर्ट्झची फेज घेऊन आयनांबरमुक्त जोडणी करा, म्हणजे दोन्ही अशा एकत्र करा की आयनांबराचा अपवर्तनाचा परिणाम खोडला जाईल. त्यात थरथर नाहीशी झाली तर ते अपवर्तन होतं, आणि दोन फ्रिक्वेन्सींचा रिसीव्हर ते भरून काढू शकतो. थरथर उरली तर आधी घड्याळाच्या आणि रिसीव्हरच्या गोंगाटाची शंका फेडा. तरीही उरली, तर खरं विवर्तन हाती लागलं. ही तपासणी ३० सेकंदांच्या फायलींतून होत नाही, आणि माझ्या मते मॉनिटरवर पैसे घालायचं खरं कारण हेच आहे.

म्हणून घ्यायचाच असेल तर दोन गोष्टींवर अडून बसा. एक, आतलं घड्याळ तापमान-नियंत्रित भट्टीतल्या स्फटिकाचं असावं. साध्या स्फटिकाची थरथर सिग्मा-फायमध्ये मिसळते. दोन, मिनिटाचे तयार आकडेच नव्हे, कच्चा डेटाही पहिल्या दिवसापासून साठवावा. तो ३० सेकंदांच्या नोंदींच्या १५०० पट असतो, त्यामुळे डिस्कचा खर्च आधीच धरा.

एक अडचण मात्र दोघांनाही सारखीच. जीपीएसच्या कक्षा ५५ अंशांनी कललेल्या असल्याने ध्रुवाजवळ उपग्रह डोक्यावर येतच नाहीत. क्षितिजापासून ३० अंशांखालचं सगळं टाकून द्यायची सवय इथे महागात पडते. रशियाच्या ग्लोनास उपग्रहांच्या जवळपास ६५ अंशांच्या कक्षा थोडा आधार देतात. क्षितिजाजवळचे उपग्रह ठेवले, की बर्फावरून परावर्तित झालेला सिग्नल सिंटिलेशनचं सोंग घेतो. तो ओळखायला सलग तीन-चार दिवसांचे आलेख एकाखाली एक लावा: एखाद्या जीपीएस उपग्रहाची तीच उसळी रोज सुमारे चार मिनिटं आधी येत असेल, तर ती आयनांबरातली नाही, अँटेनाभोवतालची आहे.