घोडबंदर रोडच्या फ्लॅटमध्ये डेको एक्स५०: दोन नग आणि भिंतीतली एक केबल

ठाण्यात घोडबंदर रोडवर गेल्या काही वर्षांत उभ्या राहिलेल्या टॉवरमध्ये राहणाऱ्यांची वायफायविषयीची तक्रार जवळपास सारखीच असते. कनेक्शन घेताना सांगितलेला वेग दिवाणखान्यात पुरेपूर मिळतो आणि शेवटच्या बेडरूममध्ये मात्र साधा व्हिडिओ कॉलही अडखळतो. आमच्या तीन बेडरूमच्या घरात हेच चालले होते, म्हणून टीपी-लिंक कंपनीचा डेको एक्स५० हा मेश संच, म्हणजे एकच वायफाय मिळून पुरवणाऱ्या अनेक नगांचा संच, घेतला. संच चांगला आहे आणि तो घेतल्याचे समाधान आहे. पण त्याच्याकडून खरे काम मिळाले ते दोन नगांच्या मध्ये भिंतीतून एक केबल ओढल्यावर, आणि खोक्यावर न छापलेली ही गोष्ट मला या परीक्षणात सर्वात महत्त्वाची वाटते.

आधी भिंतींविषयी सांगायला हवे, कारण मूळ दुखणे तिथे आहे. नव्या टॉवरमध्ये बहुधा अ‍ॅल्युमिनियमचे साचे लावून भिंती आणि स्लॅब एकदमच काँक्रीटमध्ये ओतण्याची पद्धत वापरली जाते, जिला बांधकामाच्या धंद्यात माइव्हान म्हणतात. जुन्या इमारतीत दोन खोल्यांच्या मध्ये विटांची भिंत असते. इथे त्या जागी सळयांची जाळी पोटात घेतलेले भरीव काँक्रीट असते, आणि वायफायच्या दोन पट्ट्यांपैकी ५ गिगाहर्ट्झच्या लहरी त्यात फार क्षीण होतात. १० डेसिबलची घट म्हणजे शक्तीचा फक्त दहावा हिस्सा उरणे, आणि अशा दोन भिंती ओलांडून गेलेल्या सिग्नलमध्ये काय उरत असेल याचा अंदाज यावरून येतो. २.४ गिगाहर्ट्झच्या लहरी भिंतीतून थोड्या बऱ्या जातात, परंतु त्या पट्ट्यात एकमेकांवर न चढणारे चॅनेल जेमतेम तीन, म्हणजे १, ६ आणि ११. वर, खाली आणि शेजारी मिळून दहा-बारा राउटर त्याच तीन चॅनेलवर बोलत असतील, तर तिथे गर्दी होणारच. भरीत भर म्हणजे फायबरची तार मुख्य दाराजवळून आत येते, आणि जोडणीला आलेला माणूस कनेक्शनचे यंत्र, म्हणजे ओएनटी, तिथेच एमसीबीशेजारच्या पत्र्याच्या डब्यात बसवून मोकळा होतो. वायफायचा उगम घराच्या एका टोकाला आणि तोही पत्र्याच्या आत, अशी ही रचना असते.

अशा वेळी बहुतेक जण आधी रिपीटर, म्हणजे राउटरचा सिग्नल पकडून पुढे पसरवणारे छोटे यंत्र, घेतात. तो स्वस्त असतो आणि सॉकेटमध्ये खोचला की चालू होतो. परंतु साधा रिपीटर ज्या रेडिओवर ऐकतो त्याच रेडिओवर पुढे सांगतो. एकाच माणसाने आधी निरोप पूर्ण ऐकून मग तो पुढच्या खोलीत ओरडून सांगावा, तसे ते काम चालते, त्यामुळे हाती लागणारा वेग साधारण निम्म्यावर येतो. शिवाय पुष्कळ रिपीटर वेगळ्या नावाचे जाळे तयार करतात आणि फोन जुन्या, क्षीण नावालाच चिकटून राहतो. ज्यांना एका कोपऱ्यात केवळ संदेश पाहायचे आहेत त्यांचे त्यावर भागेल. घरून नोकरी करणाऱ्याचे भागणार नाही.

डेको एक्स५० हा वायफाय ६ प्रकारचा, दोन पट्ट्यांचा संच आहे. पांढऱ्या डब्यासारखे दिसणारे त्याचे सर्व नग एकसारखे असतात, त्यामुळे कोणताही नग मुख्य म्हणून लावता येतो. प्रत्येकाला गिगाबिटचे, म्हणजे सेकंदाला हजार मेगाबिटचे, तीन पोर्ट आहेत आणि कोणत्या पोर्टात इंटरनेटची तार आली हे तो स्वतःच ओळखतो. खोक्यावर एएक्स३००० असे लिहिलेले असते. हा आकडा म्हणजे ५ गिगाहर्ट्झवरचे २४०२ आणि २.४ गिगाहर्ट्झवरचे ५७४ मेगाबिट यांची बेरीज करून वर पूर्णांकात आणलेली रक्कम आहे, आणि कोणत्याही एका उपकरणाला ती कधीच मिळत नाही. २४०२ साठी समोरच्या उपकरणालाही १६० मेगाहर्ट्झ रुंदीचे चॅनेल वापरता यावे लागते. पुष्कळ फोन ८० मेगाहर्ट्झवरच थांबतात आणि तिथे जोडणीचा वरचा आकडा १२०१ असतो, तोही राउटरच्या जवळ बसल्यावर. त्यातून पोर्ट गिगाबिटचे असल्यामुळे तारेतून प्रत्यक्षात सुमारे ९४० मेगाबिटच्या वर काही येणे नाही. आमचा प्लॅन २०० मेगाबिटचा आहे, त्यामुळे ही मर्यादा आम्हाला कधी जाणवणार नाही. मात्र संच निवडताना मोठ्या आकड्यासाठी जास्त पैसे मोजण्याआधी आपला प्लॅन केवढा आणि आपले फोन कोणते, हे जरूर पाहावे.

पहिल्यांदा दोन्ही नग बिनतारी जोडून पाहिले. ओएनटीला जोडलेला मुख्य नग दिवाणखान्यात, दुसरा आतल्या बोळात. बेडरूममधला वेग रिपीटरच्या काळापेक्षा कितीतरी सुधारला, पण तो स्थिर नव्हता, कारण या संचाला दोन नगांमधल्या संवादासाठी वेगळा, राखीव रेडिओ नाही. फोनची वाहतूक आणि नगांची आपसांतली वाहतूक एकाच हवेतून चालते. संध्याकाळी घरातले सगळे जण एकाच वेळी काही ना काही पाहायला लागले की परिणाम लगेच दिसे. तीन रेडिओंचे महागडे संच ही अडचण बऱ्याच अंशी सोडवतात, परंतु काँक्रीटची भिंत त्यांच्याही वाटेत तशीच उभी असते. तिसरा नग घ्यावा असेही बरेच जण सुचवतात. त्याच पैशाच्या छोट्याशा भागात केबल येते, आणि केबलला भिंतीचे काही देणेघेणे नसते.

केबल ओढायची तर भिंत फोडावी लागेल, ही भीती माइव्हानच्या इमारतीत रास्त आहे. भार पेलणाऱ्या काँक्रीटच्या भिंतीला मनास येईल तिथे भोक पाडणे योग्य नाही आणि सोसायट्याही त्याला परवानगी देत नाहीत. बाहेरच्या भिंतीवरून केबल लोंबकळत नेण्याला तर नाहीच. परंतु स्लॅब ओततानाच टीव्ही आणि टेलिफोनसाठी प्लास्टिकच्या नळ्या आत टाकलेल्या असतात, हे फार थोड्यांच्या लक्षात येते. आमच्या इमारतीत प्रत्येक खोलीच्या टीव्ही पॉइंटची नळी मुख्य दाराजवळच्या डब्यात येऊन मिळते आणि तिच्यात केबल टीव्हीची जुनी, आता कुणीही न वापरणारी काळी वायर पडून होती. तंत्रज्ञाने तिच्याच टोकाला नवी केबल चिकटपट्टीने घट्ट गुंडाळली, एकाने दाराकडून हळूहळू सरकवली आणि दुसऱ्याने बेडरूममधून जुनी वायर ओढून घेतली. जुनी बाहेर आली तशी नवी तिच्या जागी जाऊन बसली. ज्यांच्या नळीत जुनी वायर नसेल त्यांच्यासाठी इलेक्ट्रिशियनकडे नळीत सरकवायची लवचिक पट्टी असते, पण वळणांवर ती अडकू शकते. आधीच्या वायरीचा उपयोग करून घेणे केव्हाही सोपे.

केबल कोणती, याबाबत तडजोड करू नये. बाजारात कॅट ६ या नावाखाली नेटवर्कच्या केबलचे दोन प्रकार मिळतात: शुद्ध तांब्याची आणि तांब्याचा मुलामा दिलेल्या अ‍ॅल्युमिनियमची. दुसरी बरीच स्वस्त असते, पण तिचा विद्युत अवरोध जास्त असतो, तारा ठिसूळ असतात आणि ताण पडला की आतल्या आत तुटतात, म्हणजे नळीतून ओढण्याच्या कामासाठी ती मुळातच गैरसोयीची. परीक्षा सोपी आहे. टोकाची एक बारीक तार ब्लेडने खरवडावी. आत तांबूसच रंग दिसला तर तांबे. चंदेरी चमक दिसली तर ती केबल परत करावी. नौपाड्यातल्या दुकानात आम्ही रोलच्या टोकावर हे करूनच केबल कापून घेतली. लांबीची काळजी घरात करायची गरज नाही, कारण मर्यादा १०० मीटरची आहे.

दोन्ही टोकांना कनेक्टर लावून झाल्यावर अ‍ॅपमध्ये दुसरा नग तारेने जोडला गेल्याचे दिसले, परंतु बेडरूममध्ये वेग ९४ मेगाबिटच्या वर जाईना. तंत्रज्ञ अनुभवी होता. आकडा पाहताच तो म्हणाला, “साहेब, लाइन शंभरवर अडकलीय. एक जोडी नीट लागलेली नाही.” कॅट ६ केबलमध्ये नारिंगी, हिरवी, निळी आणि तपकिरी अशा चार जोड्या असतात. १०० मेगाबिटला त्यांतल्या नारिंगी आणि हिरव्या अशा दोनच पुरतात. गिगाबिटला चारही लागतात. निळ्या किंवा तपकिरी जोडीतली एखादी तार कनेक्टरच्या पितळी दातापर्यंत पोचली नाही, तरी जोडणी बंद पडत नाही, गुपचूप १०० वर उतरते. त्यामुळे घरात वेग ९४-९५ या आकड्याच्या वर काही केल्या जात नसेल, तर कंपनीला फोन लावण्याआधी कनेक्टर तपासावेत. त्याने बेडरूमकडचे टोक कापले, आठही तारा सरळ करून पुन्हा बसवले आणि पुढच्याच चाचणीत २०० मेगाबिट पुरे दिसले. तेव्हापासून त्या खोलीत आणि दिवाणखान्यात फरक उरलेला नाही.

मांडणीतला आणखी एक प्रश्न नीट समजून घ्यावा. ओएनटी हे बहुधा स्वतःच राउटरही असते, आणि त्याच्यामागे डेको राउटर म्हणूनच लावला तर उपकरणांच्या इंटरनेट पत्त्यांचे भाषांतर, जे एकदाच व्हायला हवे, दोनदा होते. एरवीच्या वापरात त्याचा त्रास होत नाही. काही ऑनलाइन खेळ आणि बाहेरून घरातला कॅमेरा थेट पाहणे यांत होऊ शकतो. त्यावर दोन उपाय आहेत. एक, कनेक्शन देणाऱ्याला ओएनटी ब्रिज पद्धतीवर, म्हणजे त्याचे राउटरचे काम बंद करून, टाकायला सांगणे आणि कनेक्शनचे युजरनेम आणि पासवर्ड डेकोमध्ये भरणे. दोन, राउटरचे काम ओएनटीकडेच ठेवून डेकोला केवळ वायफाय पसरवणारा अ‍ॅक्सेस पॉइंट म्हणून चालवणे. दुसरा सोपा आहे, पण त्यात मुलांच्या वापरावरचे नियंत्रण आणि एखाद्या उपकरणाला प्राधान्य देण्याची सोय हातची जाते, म्हणून ज्यांना ती हवी त्यांनी पहिल्यासाठी आग्रह धरावा. कोणताही मार्ग घेतला तरी ओएनटीचे स्वतःचे वायफाय बंद करायला विसरू नये, नाहीतर फोन अधूनमधून त्याच पत्र्याच्या डब्यातल्या सिग्नलला जाऊन चिकटतात.

घरात बोलत बोलत एका खोलीतून दुसरीत गेले तरी कॉल तुटत नाही, ही या संचाची मला सर्वात आवडलेली बाब. मात्र नग कधी बदलायचा हा निर्णय अखेर फोनचा असतो. मेश त्याला केवळ सुचवू शकते. अ‍ॅपमधला फास्ट रोमिंगचा पर्याय हा बदल आणखी जलद करतो, पण काही जुनी उपकरणे तो चालू असताना जोडलीच जात नाहीत, म्हणून आधी बंद ठेवून पाहावे आणि गरज वाटली तरच चालू करावा. गीझरचा स्मार्ट प्लग, दाराची घंटा, कॅमेरे अशा वस्तू बहुधा फक्त २.४ गिगाहर्ट्झ जाणतात. त्यांच्यासाठी अ‍ॅपमध्ये वेगळे जाळे करता येते, आणि ते केल्यावर त्या जोडताना होणारी ओढाताण संपते.

मर्यादाही सांगायला हव्यात. संच बसवण्यासाठी मोबाइलवरचे अ‍ॅप आणि कंपनीकडे खाते काढणे अनिवार्य आहे. संगणकाच्या ब्राउझरमधून फारच थोड्या गोष्टी बदलता येतात. ज्यांना प्रत्येक सेटिंग हाताने ठरवायला आवडते त्यांना हा संच कोंडल्यासारखा वाटेल. आई-वडिलांच्या घरी लावून निर्धास्त राहायचे असेल तर मात्र हाच साधेपणा उपयोगी पडतो.

वीज गेली तरी फायबर चालू राहू शकते, म्हणून ओएनटी आणि मुख्य नगासाठी छोटा यूपीएस ठेवावा. घेताना दोन्ही अ‍ॅडॉप्टरांच्या लेबलवरचे व्होल्ट आणि अँपिअर त्याच्याशी ताडून पाहावेत.

नौपाड्यातल्या जुन्या, विटांच्या भिंतींच्या इमारतीत दोन खोल्यांच्या घराला मेशची गरजच नसावी. एक चांगला राउटर घराच्या मध्यावर, उंच आणि लोखंडी कपाटापासून दूर ठेवला की पुरे. नवी मुंबईत नेरूळ किंवा वाशीच्या रो-हाउसमध्ये अडचण वरच्या आणि खालच्या मजल्यांमधली असते, मध्ये स्लॅब येतो, तिथे प्रत्येक मजल्यावर एक नग आणि जिन्यालगतच्या नळीतून केबल ही मांडणी योग्य ठरेल. आणि ज्यांच्या नव्या फ्लॅटचे फर्निचरचे काम अजून चालू आहे, त्यांनी पीओपीचे छत बंद होण्याआधी प्रत्येक खोलीपर्यंत शुद्ध तांब्याच्या दोन केबली ओढून घ्याव्यात, एक वापरायला आणि एक राखीव, आणि दोन्ही टोकांना खोलीचे नाव लिहून ठेवावे.