डिजिरिग मोबाईल : एफटी-८१८ला लॅपटॉप आणि फोनशी जोडणाऱ्या डबीची पारख

याएसू कंपनीचे एफटी-८१७ आणि एफटी-८१८ हे रेडिओ आजही अनेक हॅम, म्हणजे हौशी रेडिओवाल्या, मंडळींच्या पाठपिशवीत असतात. एचएफ, व्हीएचएफ आणि यूएचएफ हे तिन्ही फ्रिक्वेन्सी-पट्टे एकाच लहान डब्यात देणारे हे रेडिओ डोंगरावर नेण्यासाठीच बनवलेले आहेत. अडचण एकच, त्यांना यूएसबी पोर्ट नाही. मागच्या बाजूला दोन गोल मिनी-डिन सॉकेट आहेत. ‘डेटा’ सॉकेट सहा पिनांचं, ‘एसीसी’ आठ पिनांचं. एफटी-८ (संगणकावरून छोटे संदेश पाठवण्याची डिजिटल पद्धत) किंवा विनलिंक (रेडिओवरून ईमेल) चालवायचं तर या दोन सॉकेटांपासून लॅपटॉपपर्यंत तीन गोष्टी पोहोचाव्या लागतात : येणारा-जाणारा आवाज, पीटीटी, म्हणजे रेडिओला ट्रान्समिटवर नेणारा इशारा, आणि कॅट, म्हणजे संगणकाने रेडिओची फ्रिक्वेन्सी वाचणं-बदलणं.

डिजिरिग मोबाईल ही डबी ही तिन्ही कामं एका यूएसबी-सी केबलवर करते. आकाराने काडेपेटीपेक्षा मोठी नाही. आत एक साउंड चिप, सीपी२१०२ जातीची सीरियल चिप आणि त्या दोघींना एकत्र आणणारा यूएसबी हब आहे. रेडिओच्या बाजूला ३.५ मिमीचे दोन जॅक, एक आवाज आणि पीटीटीसाठी, दुसरा कॅटसाठी. वेगळा वीजपुरवठा लागत नाही, पुढे बटणं किंवा नॉब नाहीत. एफटी-८१७ किंवा ८१८ आधीपासून हाताशी असेल तर आज घेण्यासारखं हेच साधन आहे. मात्र ते कुठे अडखळतं हे नीट कळलं नाही, तर दोष रेडिओला दिला जातो आणि डबी खणात पडून राहते.

मागवताना दोन गोष्टी बघा. कॅटच्या जॅकवरची व्होल्टेज पातळी सगळ्या रेडिओंना सारखी चालत नाही. ८१८ला टीटीएल, आयकॉम कंपनीच्या रेडिओंना एका तारेवरचं सीआय-व्ही, तर काही जुन्या रेडिओंना आरएस-२३२ हा जोडणीचा प्रकार लागतो. डबीच्या आतल्या सोल्डर पॅडवर ही निवड ठरते, म्हणून ऑर्डर देतानाच रेडिओचं मॉडेल नोंदवा. दुसरं म्हणजे केबल रेडिओनुसार वेगळ्या असतात आणि डबीबरोबर आपोआप येतीलच असं नाही. भारतात मागवताना पाठवणीचा खर्च आणि कस्टम ड्युटी दोनदा भरायची नसेल, तर दोन्ही केबल एकाच पार्सलमध्ये घ्या.

डेटा केबल घरी बनवता येते. ८१८च्या डेटा सॉकेटवर पिन १ म्हणजे रेडिओत जाणारा आवाज, पिन २ ग्राउंड, पिन ३ पीटीटी आणि पिन ५ वर १२०० बॉड डेटासाठीचा बाहेर येणारा आवाज. एसएसबीवरच्या (एफटी-८ ज्यावर चालतं त्या सिंगल साइडबँडवरच्या) कामाला हीच पिन ५ वापरायची. पिन ४ ही ९६०० बॉडची, ती सोडून द्या. जुन्या पीएस-२ कीबोर्डची वायर इथे बरोबर बसते, कारण प्लग तोच सहा पिनांचा मिनी-डिन. पण बहुतेक कीबोर्डच्या वायरमध्ये चारच तारा असतात, १, ३, ४ आणि ५. पिन २ला तारच नसते, आणि आपल्याला ग्राउंड नेमकं तिथेच हवं असतं. कापण्याआधी मल्टिमीटरने प्रत्येक पिन तपासा, सहाही तारा असलेली वायरच घ्या. नुसता प्लग हवा असेल तर पुण्यात तपकीर गल्लीत किंवा मुंबईत लॅमिंग्टन रोडला विचारून पाहा. सोल्डर करताना पिनांमधली जागा फार कमी असते, त्यामुळे प्रत्येक तारेवर हीट-श्रिंक नळी चढवा.

एसीसीकडची केबल मात्र तयार घेतलेली बरी. त्या सॉकेटच्या एका पिनवर १३.८ व्होल्ट थेट उभे असतात. घरगुती केबलमध्ये ती पिन शेजारच्या तारेला टेकली, तर सीरियल चिप जायला क्षणही लागत नाही. तयार केबल असली तरी रेडिओ बंद करूनच लावा आणि काढा.

आता रेडिओची मांडणी. मेनू १४ मध्ये कॅटचा वेग ३८४०० ठेवा, ४८०० वर फ्रिक्वेन्सी बदलायला जाणवण्याइतका उशीर होतो. मेनू २६ मध्ये डिजिटल मोड ‘यूझर-यू’ करा. मेनू २४ आणि २७, म्हणजे डिस्प्ले आणि शिफ्ट, दोन्ही शून्यावर. त्यानंतर मोड ‘डिग’. मेनू २६ तपासायचं राहिलं तर रेडिओ आरटीटीवाय (रेडिओ टेलिटाइप) किंवा लोअर साइडबँडवर बसतो. वॉटरफॉलवर, म्हणजे संगणकाच्या पडद्यावरच्या सिग्नलच्या सरकत्या चित्रात, सिग्नल दिसतात, पण एकही डीकोड होत नाही. डबी घेतल्यावर सर्वांत जास्त डोकं याच एका गोष्टीपायी फिरतं. स्क्वेल्च (सिग्नल नसताना आवाज बंद करणारी सोय) पूर्ण उघडा ठेवा. डेटा सॉकेटवरचा आवाज व्हॉल्यूम नॉबवर अवलंबून नसतो, तेव्हा स्पीकर शांत ठेवून काम करता येतं.

एफटी-८ चालवणाऱ्या डब्ल्यूएसजेटी-एक्स या प्रोग्राममध्ये रिग (रेडिओ) ‘एफटी-८१८’ किंवा ‘एफटी-८१७’, वेग ३८४००, आठ डेटा बिट आणि दोन स्टॉप बिट. स्टॉप बिट एक ठेवला की जोडणी कधी लागते, कधी तुटते, आणि कारण सापडता सापडत नाही. पीटीटी ‘कॅट’ने द्या. त्याच वेळी कंट्रोल लाइन सक्तीने ‘लो’ ठेवण्याचा जो पर्याय आहे त्यात आरटीएस (सीरियल पोर्टची एक नियंत्रण तार) ‘लो’ करा. डिजिरिगचा पीटीटी आरटीएसवर चालतो आणि अनेक प्रोग्राम पोर्ट उघडतानाच आरटीएस वर उचलतात. मग प्रोग्राम सुरू करताच रेडिओ ट्रान्समिटला जातो, तोही कदाचित अँटेना न जोडलेल्या अवस्थेत. कॅट केबल नसेल तर पीटीटी आरटीएसवर ठेवून नुसत्या आवाजाच्या केबलवर काम भागतं, फक्त बँड हाताने बदलावा लागतो. स्प्लिटसाठी (ऐकण्याची आणि पाठवण्याची फ्रिक्वेन्सी वेगळी ठेवण्यासाठी) ‘फेक इट’ निवडा. त्याने पाठवायचा टोन १५०० ते २००० हर्ट्झमध्ये राहतो आणि त्याचे हार्मोनिक (पटीतले जादा टोन) रेडिओच्या फिल्टरबाहेर पडतात.

खरी मेहनत आवाजाच्या पातळीत आहे. ८१८ची पिन १ जेमतेम ४० मिलिव्होल्टसाठी बनवलेली आहे. साउंड कार्ड स्लायडर पूर्ण वर असताना त्याच्या कितीतरी पट देऊ शकतं. जास्त आवाज गेला की एएलसी (पाठवण्याची पातळी आपोआप दाबणारा भाग) जागा होतो, सिग्नल दोन्ही बाजूंना पसरतो आणि शेजारच्या दहा जणांचं काम बिघडवतो. रेडिओचं मीटर एएलसीवर आणा, डब्ल्यूएसजेटी-एक्समधलं ट्यून दाबा, एकही पट्टी उरणार नाही इथपर्यंत संगणकाचा स्लायडर खाली घ्या. मीटर पॉवरवर नेऊन ती पुरेशी आहे का ते पाहा. कमी वाटली तर मेनू २५, डिजिटल माइक गेन, थोडा वाढवा. आत येणाऱ्या आवाजासाठी बँडवर कोणी नसताना डब्ल्यूएसजेटी-एक्सचं मीटर ३० डीबीच्या आसपास ठेवा.

यात एक छुपा अडथळा आहे. साउंड चिपमध्ये माइकसाठी ऑटो गेन कंट्रोल असतो आणि तो बहुधा चालू असतो. जवळच्या स्टेशनचा मोठा सिग्नल आला की तो सगळा आवाज दाबतो आणि त्याच क्षणीचे दूरचे कमकुवत सिग्नल हरवतात. विंडोजमध्ये माइकच्या प्रॉपर्टीत, लिनक्सवर अल्सामिक्सरमध्ये जाऊन तो बंद करा. विंडोज नवीन साउंड कार्ड दिसताच त्यालाच डीफॉल्ट करून टाकतं, तेही बदला. नाहीतर ईमेल आल्याची टुणटुण हवेत जाईल. लिनक्सवर आपलं नाव ‘डायलआउट’ गटात घाला आणि ‘मोडेम मॅनेजर’ बंद करा, तो सीरियल पोर्टला मोडेम समजून चाचपत बसतो.

आता तक्रार. डिजिरिग मोबाईलमध्ये रेडिओ आणि संगणक यांच्यात ट्रान्सफॉर्मर किंवा ऑप्टोकप्लरचं विलगीकरण नाही, दोघांचं ग्राउंड एकच. घरात लॅपटॉपचा चार्जर लावला की वॉटरफॉलवर उभ्या रेषा उमटतात, चार्जर काढला की जातात. रानात त्रास वेगळा होतो. एंड-फेड, म्हणजे एका टोकाला जोडलेल्या, अँटेनेत कोॲक्स केबलचं बाहेरचं कवचच काउंटरपॉइजचं (अँटेनेच्या दुसऱ्या बाजूचं) काम करतं, म्हणजे आरएफ (रेडिओ फ्रिक्वेन्सीचा) करंट रेडिओच्या बॉडीपर्यंत येतो आणि तिथून यूएसबी केबलवर चढतो. ट्रान्समिट झालं की यूएसबी तुटते, पोर्ट नाहीसा होतो आणि वाईट घडलं तर पीटीटी अडकून राहतो. पाच-सहा वॅटलाही हे होतं. उपाय स्वस्त आहे. रेडिओजवळच्या कोॲक्सवर आणि यूएसबी केबलवर ३१ क्रमांकाच्या मिश्रणाचं फेराइट कडं लावा, एकदाच आरपार न नेता तीन-चार वेढे घाला. अडवणूक वेढ्यांच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, म्हणून चार वेढ्यांचा परिणाम एका वेढ्याच्या सोळापट. यूएसबी केबल आखूड आणि शिल्ड असलेली घ्या. डायपोल (मधोमध जोडलेली अँटेना) आणि त्याच्या मधोमध चोक (केबलवर येणारा असा करंट अडवणारा भाग) असेल तर हा प्रश्न बहुतेक येतच नाही.

जॅकही काळजी मागतात. ३.५ मिमीचे प्लग चिमटून बसत नाहीत, पिशवीत ओढले गेले की ढिले होतात. डबी रेडिओला वेल्क्रोने बांधा आणि केबलला एक सैल वळण ठेवा, ताण प्लगवर येऊ देऊ नका.

सिग्नालिंक यूएसबी या अशाच दुसऱ्या साधनाशी तुलना होणारच. त्यात ट्रान्सफॉर्मरचं विलगीकरण आहे आणि पुढे पातळीचे नॉब आहेत, घरच्या टेबलावर तो अजूनही समाधान देतो. पण त्याचा पीटीटी आवाज आला की चालू होणारा आहे आणि कॅट त्यात नाहीच. एफटी-८ला चालतं, कारण तिथे १५ सेकंदांची पाळी असते. विनलिंकसाठी वापरल्या जाणाऱ्या व्हारासारख्या मोडमध्ये रेडिओ क्षणाक्षणाला उलटसुलट होतो, तिथे पीटीटी सुटायला लागणारा तो जरासा उशीर महागात पडतो. आकाराने तो पिशवीतली बरीच जागा घेतो. पायी चालायचं असेल तर डिजिरिग.

अँड्रॉइड फोनवर ओटीजी केबल लावून एफटी८सीएन हे ॲप चालतं. फोन आवाज आणि सीरियल दोन्ही ओळखतो, रिग आणि वेग निवडला की झालं. लॅपटॉप घरी ठेवून गडावर जाता येतं, हा मोठा फायदा आहे. फोन ‘डू नॉट डिस्टर्ब’वर टाका आणि बॅटरी बचत बंद ठेवा, स्क्रीन गेली की काही फोन यूएसबीचा पुरवठा तोडतात. फोनला एकच यूएसबी पोर्ट असतो, तेव्हा दिवसभराचं काम असेल तर चार्जिंग आत घेणारा ओटीजी हब लागेल. आयफोनवर साउंड कार्ड चालतं, पण ॲपना असा सीरियल पोर्ट वापरता येत नाही, म्हणून कॅट आणि पीटीटी दोन्ही जातात. आयफोनवाल्यांनी ही डबी घेऊ नये.

वेळेचं भान दोन्हीकडे हवं. घड्याळ दोन-अडीच सेकंद चुकलं की एफटी-८ डीकोड होत नाही, आणि सह्याद्रीत अनेक माथ्यांवर नेटवर्क नसतं. फोनला जीपीएस वेळ दाखवणारं ॲप घाला, लॅपटॉपचं घड्याळ त्यावरून जुळवा. पॉवर २.५ वॅटवर ठेवा. एफटी-८मध्ये पाळी आली की १२.६४ सेकंद सलग पूर्ण पॉवर जाते, त्याने हा लहान डबा चांगलाच तापतो आणि आतली बॅटरी लवकर बसते. ८१८मध्ये टीसीएक्सओ (तापमान बदललं तरी फ्रिक्वेन्सी स्थिर ठेवणारा भाग) बसवलेलाच असतो. साध्या ८१७मध्ये तो नसेल तर तापल्यावर फ्रिक्वेन्सी सरकते आणि आपलाच सिग्नल वॉटरफॉलवर तिरका होतो.

हातात धरायच्या यूव्ही-५आर सारख्या सेटसाठी डिजिरिग घेण्यापेक्षा एआयओसी पाहा. हा खुल्या आराखड्याचा बोर्ड थेट सेटच्या दोन पिनांच्या सॉकेटमध्ये बसतो. साउंड कार्ड, पीटीटी आणि चर्प या प्रोग्रामने चॅनेल भरायची सीरियल केबल, सगळं त्यातच. १२०० बॉडच्या एपीआरएसला (रेडिओवरून आपलं ठिकाण आणि छोटे संदेश पाठवण्याच्या पद्धतीला), किंवा १४५.८२५ मेगाहर्ट्झवर अंतराळ स्थानकाचं पॅकेट ऐकायला तो पुरतो.

नवा रेडिओच घ्यायचा असेल तर मात्र या डबीवर पैसे घालू नका. आयकॉमच्या आयसी-७०५मध्ये साउंड कार्ड आणि दोन सीरियल पोर्ट आतच आहेत, एका मायक्रो-यूएसबी केबलवर सगळं चालतं. वायफायवरून डब्ल्यूएफव्ह्यू हा प्रोग्राम लावला की तीही केबल जाते, आणि तिच्याबरोबर यूएसबीवर चढणारं आरएफही. तिथे डेटा मॉड्युलेशनचा स्रोत ‘यूएसबी’ किंवा ‘डब्ल्यूलॅन’ करायला विसरू नका, नाहीतर पीटीटी लागतो आणि पॉवर शून्य दिसते. किंमत, ८१८ नवा मिळायचा तेव्हाच्या त्याच्या किमतीच्या बरीच वर आहे आणि तो मायक्रो-यूएसबी सॉकेट नाजूक आहे.