घरगुती अँटिजेन किट: लक्षणे नसलेल्या माणसाने त्यावर किती भरवसा ठेवावा?

२०२१ च्या गणेशचवथीला गोव्यात डिचोलीजवळच्या आमच्या मूळ घरी १४ माणसे जमणार होती आणि त्यांत ८२ वर्षांची आजी होती, म्हणून बाहेरून येणाऱ्या सहा जणांसाठी मी म्हापशातल्या एका फार्मसीतून कोविडच्या अँटिजेन चाचणीची (विषाणूची प्रथिने शोधणाऱ्या झटपट चाचणीची) सहा घरगुती किट घेतली. एका किटला २५० रुपये पडले.

वापरायला ते अवघड नाही. काडी दोन्ही नाकपुड्यांत दोन ते चार सेंटिमीटर आत घालून पाच-पाच वेळा फिरवायची, नळीतल्या द्रावणात घोळवायची, दोन थेंब पट्टीवर सोडायचे आणि १५ मिनिटे थांबायचे. ‘सी’पाशी एकच रेघ उमटली तर निगेटिव्ह, ‘टी’पाशी पुसटशी जरी दुसरी रेघ दिसली तरी पॉझिटिव्ह, आणि २० मिनिटांनंतर दिसलेले काहीही धरायचे नाही. माहितीपत्रकाची अक्षरे मात्र इतकी बारीक की काकांना ते मी वाचून दाखवले.

आदल्या संध्याकाळी सहाही पट्ट्यांवर एकेकच रेघ आली. बोटीवर कामाला असलेल्या माझ्या चुलतभावाला ना खोकला होता ना ताप. त्यानेच माटोळी (गणपतीच्या वर टांगायची फळापानांची चौकट) बांधली आणि दोन्ही दिवस तो आजीच्या शेजारी बसून जेवला. तिसऱ्या दिवशी त्याला ताप चढला, आरटी-पीसीआर पॉझिटिव्ह आली आणि पुढच्या काही दिवसांत आजीचीही. आजी बरी झाली. तिला त्याच्याकडूनच लागण झाली असे मात्र मी छातीठोकपणे सांगू शकत नाही, कारण घरात रोज शेजारीपाजारी येत होते. लक्षणे नसलेल्यांकडून होणाऱ्या प्रसाराचा पुरावा तोलताना संशोधकांनाही हीच अडचण येते.

या प्रश्नावरचा पहिला गाजलेला दाखला कच्चा निघाला. शांघायहून जर्मनीत आलेल्या एका बाईने लक्षणे नसताना सहकाऱ्यांना लागण दिल्याचे जानेवारी २०२० मध्ये प्रसिद्ध झाले, पण तिच्याशी बोलल्यावर कळले की तिला तेव्हा सौम्य त्रास होत होता आणि तिने पॅरासिटामॉल घेतली होती. पुढे ‘डायमंड प्रिन्सेस’ जहाजावरच्या ३,७११ जणांपैकी ७१२ बाधित निघाले आणि त्यांतल्या सुमारे निम्म्यांना चाचणीच्या वेळी लक्षणे नव्हती; त्यावरून लागण दिसते, त्यांनी ती पुढे दिली हे ठरत नाही. त्याच वर्षी कोणाकडून कोणाला लागण झाली हे माहीत असलेल्या ७७ जोड्यांच्या अभ्यासातून असा अंदाज निघाला की ४४ टक्के लागण पहिल्याची लक्षणे सुरू होण्याआधीच झाली. याउलट मे २०२० मध्ये वुहानमध्ये जवळजवळ एक कोटी लोकांची तपासणी झाली, लक्षणे नसलेले ३०० बाधित सापडले, आणि त्यांच्या १,१७४ निकटवर्तीयांपैकी एकही बाधित निघाला नाही. तेव्हा तिथली साथ ओसरलेली होती, हे लक्षात घेतले पाहिजे. माझ्या मते ताप येण्याआधीच्या एकदोन दिवसांतला प्रसार निर्विवाद आहे. ज्याला शेवटपर्यंत लक्षणे येतच नाहीत, त्याच्याकडूनही प्रसार होतो, पण कमी.

किट उणे पडते ते नेमके याच ठिकाणी. वैद्यकीय संशोधनाचे एकत्रित आढावे घेणाऱ्या कॉक्रेन या संस्थेच्या २०२२ च्या आढाव्यानुसार अशा चाचण्यांनी लक्षणे असलेल्या बाधितांपैकी सुमारे ७३ टक्के ओळखले, लक्षणे नसलेल्यांपैकी सुमारे ५५ टक्केच. आयसीएमआरनेही (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेनेही) मे २०२१ मध्ये घरगुती चाचणी लक्षणे असलेल्यांसाठी आणि बाधितांच्या निकट संपर्कातल्यांसाठीच सांगितली होती. आम्ही यांपैकी कशातच बसत नव्हतो आणि तरी त्या एका रेघेवर विसंबून आजीच्या शेजारी पाने मांडली. पॉझिटिव्ह निकाल मी लगेच मानावा असा आहे, आणि त्यासाठी तेव्हाचे २५० रुपये मला महाग वाटले नाहीत. निगेटिव्ह निकालाची मुदत मात्र मी काही तासांचीच धरतो.

पुढच्या चवथीला मी माणशी दोन किट घेतली, एक आदल्या दिवसासाठी आणि एक पूजेच्या सकाळसाठी, आणि आजीचे पान आत न मांडता वाऱ्याच्या सोप्यावर मांडले.